जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठ व त्याचें मार्गदर्शित दर्शन

ग्रंथांचें परीक्षण करण्याची चाल आपल्याकडे रूढ आहे. वास्तु दाखविण्याच्या रीतीचें परीक्षण सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः ग्रंथ वाचून इतिहास जाणणारांपेक्षां एखाद्या जुन्या इमारतीच्या आवारांत मार्गदर्शकाच्या तोंडून तो ऐकणारेच हल्लीं अधिक झाले आहेत. मार्गदर्शक बोलतो तोहि एक ग्रंथच होय. फरक इतकाच, कीं त्या ग्रंथास शुद्धिपत्र नसतें व त्याचे आधार कोणी विचारीत नाहीं. अशा एका मौखिक ग्रंथाचें परीक्षण येथें योजिलें आहे.

विषय आहे जुन्या गोव्यांतील सांता मोनिका या कॅथलिक संन्यासिनींच्या मठाचा. आम्ही वर्धा जिल्ह्यांतील आंजी (मोठी) येथील राहणारे. उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. पोर्तुगीज साधनांशीं आमचा परिचय काय तो इतरांच्या ग्रंथांतून झालेला. तेव्हां या विषयावर आम्हीं लेखणी उचलणें हा अधिकारातिक्रम वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या हिवाळ्यांत निवृत्त शिक्षकांच्या एका मंडळीबरोबर तो मठ पाहण्याचा योग आला, आणि तेथें एका लहान मुलीनें विचारलेला प्रश्न आमच्या पाठोपाठ आंजीपर्यंत आला. त्या प्रश्नाचें ऋण फेडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे. ज्यांनीं ही सहल घडविली त्यांचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. कारण दोष एकट्यादुकट्याचा नसून पद्धतीचा आहे.

प्रथम, ज्यांविषयीं वाद नाहीं अशा गोष्टी सांगतों. जुन्या गोव्यांत ‘मोंते सांतु’ म्हणजे पवित्र टेकडी या नांवाचा जो उंचवटा आहे त्यावर हा मठ उभा आहे. गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यानें १६०६ सालीं त्याची स्थापना केली. हा पुरुष ऑगस्टिनियन पंथाचा. १५९९ सालीं उदयंपेरूर येथें भरविलेल्या धर्मसभेमुळें तो केरळाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे, व १६०७ ते १६०९ पर्यंत गव्हर्नर म्हणून गोव्याची राजसत्ताहि त्याच्याच हातीं होती. कुलीन पण निराश्रित स्त्रियांसाठीं सेरा येथील गृह व पश्चात्तप्त स्त्रियांसाठीं मादालेनेच्या नांवाचें गृह, अशीं दोन आश्रयस्थानेंहि त्याच्याच प्रेरणेनें गोव्यांत निघालीं. मठास संत ऑगस्टिनची माता मोनिका हिचें नांव मिळालें. फिलिपा द त्रिंदादे ही पहिली मठाध्यक्षा. बांधकाम १६२७ पर्यंत चाललें. १६३६ सालीं आगीनें वास्तूचा मोठा नाश झाला, आणि ती लगोलग पुन्हां उभारण्यांत आली. चिऱ्याची, तीन मजल्यांची, मध्यें विस्तीर्ण चौक असलेली आणि बाहेरून भिंतींस कमानीदार धिरे दिलेली ही इमारत आजहि पाहणाऱ्यास थक्क करिते.

पुढें १८३४ सालीं पोर्तुगालांत धर्मपंथांचे मठ मोडण्याचा हुकूम झाला व १८३५ सालीं गोव्यांत त्याची अंमलबजावणी झाली. पुरुषांचे मठ तेव्हांच रिकामे झाले. स्त्रियांच्या मठापुरती एवढी सवलत राहिली, कीं असलेल्या संन्यासिनींनीं हयातभर तेथें राहावें. मात्र नव्या स्त्रियांस दीक्षा देऊं नये. सांता मोनिकेंतील शेवटची संन्यासिनी १८८५ सालीं वारली. त्यानंतर ही वास्तु लष्कराच्या उपयोगास गेली. १९६४ सालीं संन्यासिनींना धर्मशास्त्र शिकविणारी ‘मातेर देई’ ही संस्था तेथें निघाली, व २००२ सालीं ख्रिस्ती कलेचें संग्रहालय मठाच्या चर्चमध्यें आलें. हें संग्रहालय मूळ १९९४ सालीं राशोलच्या सेमिनरींत स्थापन झालें होतें. नूतनीकरणानंतर २०२२ सालीं तें पुन्हां उघडलें आहे.

या संग्रहाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. हस्तिदंताच्या मूर्ति, चांदीचीं पात्रें, जरीकाम केलेलीं पूजावस्त्रें यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती ही, कीं धर्म परदेशचा असला तरी पुष्कळशी कारागिरी एतद्देशीय हातांची आहे. मूर्तीच्या वस्त्राची चुणी वा वेलीचें वळण पाहून आमच्या सोबतच्या एका चित्रकला-शिक्षकांना आपल्या देवळांतील कामाची आठवण झाली. वस्तु नीट मांडलेल्या आहेत. त्या पाहून मन प्रसन्न होतें. आमचा आक्षेप जें दिसतें त्याबद्दल नाहीं. तेथें जें दिसत नाहीं आणि म्हणून केवळ सांगितलें जातें, त्याबद्दल आहे. मठ म्हणजे मुख्यतः संन्यासिनींचें राहतें घर. त्या भागांत आजहि संन्यासिनींची संस्था असल्यामुळें प्रेक्षकांस सर्वत्र हिंडतां येत नाहीं, व तें योग्यच होय. पण डोळ्यांना जेथें मज्जाव होतो तेथें सर्व भार शब्दावर पडतो. म्हणून तो शब्द पारखून घ्यावा लागतो.

आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं. पौराणिक त्यांत ‘ऐतिह्य’ म्हणून आणखी एकाची भर घालतात. ज्या वार्तेचा मूळ वक्ता कोण हें सांगतां येत नाहीं व जी केवळ ‘असें म्हणतात’ या बळावर पिढ्यान्‌पिढ्या चालत येते, तिला ऐतिह्य म्हणावें. नैयायिक तिला निराळें प्रमाण समजत नाहींत. ते तिला शब्दांतच घालतात, म्हणजे सांगणारा आप्त असेल तरच ती ग्राह्य. आम्हीं ऐकलेल्या निरूपणांत चारहि प्रमाणें व हें पांचवें यांची एकच खिचडी झाली होती. तीन उदाहरणें देतों.

पहिलें उदाहरण ‘पहिला’ या शब्दाचेंच. हा मठ आशियांतील स्त्रियांचा पहिला मठ, असें आम्हांस सांगण्यांत आलें. कॅथलिक संन्यासिनींचा पूर्वेकडील पहिला मठ असें म्हटलें असतें तर आमची कांहीं तक्रार नव्हती. मनिला येथील सांता क्लारा मठ १६२१ चा, व मकाव येथील त्याच नांवाचा मठ त्याच्याहि नंतरचा. पण तें विशेषण गाळलें कीं विधान खोटें होतें. भिक्षुणीसंघ या देशांत बुद्धाच्या काळापासून होता. आपल्या कोंकणांतील कान्हेरी व कुडा येथील लेण्यांच्या शिलालेखांत प्रव्रजित स्त्रियांनीं दिलेल्या दानांची नोंद त्यांच्या नांवांसह आहे. जैन साध्वींची परंपराहि तितकीच जुनी, आणि आमच्या वऱ्हाडांत महानुभाव पंथाची महदाइसा तेराव्या शतकांत होऊन गेली. एका विशेषणाच्या आळसानें एवढ्या स्त्रिया इतिहासाबाहेर जातात.

दुसरें उदाहरण बेबिंक या पक्वान्नाचें. या मठांतील बेबियाना नांवाच्या संन्यासिनीनें तें प्रथम केलें व गोव्याच्या सात टेकड्यांच्या खुणेसाठीं त्यास सात पदर दिले, अशी कथा आहे. कथा गोड आहे आणि ती सांगूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र ती कथा म्हणून सांगावी. तिचा मूळ वक्ता कोण, हें विचारल्यावर ‘म्हणतात’ या पलीकडे उत्तर नसतें. खरें पाहतां त्या पक्वान्नांतच एक मोठें अनुमान दडलेलें आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकाचीं पक्वान्नें करणें ही पोर्तुगालांतील मठांची प्रसिद्ध रीत. नारळाचा रस ही कोंकणची. दोहोंचा एकाच भांड्यांत संगम झाला, तो ज्या गोव्याच्या स्वयंपाकघरांत झाला असेल तेथें नारळ खवणारे व रस काढणारे हात या मातींतले असावेत. बेबियाना होती कीं नव्हती हा वाद बाजूस ठेविला, तरी त्या हातांचा विचार टळत नाहीं. निरूपणांत बेबियाना होती. ते हात नव्हते.

तिसरें उदाहरण नाजूक आहे. ८ फेब्रुवारी १६३६ रोजीं मठांतील क्रुसावरच्या ख्रिस्तमूर्तीनें डोळे उघडले व तिच्या जखमांतून रक्त वाहूं लागलें, अशी भाविकांची श्रद्धा आहे; त्या क्रुसाचें पूजन आजहि होतें. अशा प्रसंगीं हंसणें असभ्यपणाचें व साक्षीपुराव्याची चौकशी न करणें आळसाचें. ‘असें घडलें’ व ‘असें पाहिल्याचें त्या काळच्या लोकांनीं सांगितलें’ हीं दोन वाक्यें निराळीं आहेत. दुसरें वाक्य उच्चारिल्यानें कोणाची श्रद्धा दुखावत नाहीं, आणि इतिहासाची बूज राहते. शिवाय त्या सालाचें महत्त्व चमत्कारापुरतेंच नाहीं. तें आगीचेंहि साल आहे, आणि त्या सुमारास मठ एका मोठ्या भांडणांत सांपडला होता. त्या भांडणाचा मात्र निरूपणांत उच्चारहि झाला नाहीं.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतों. मंडळींतील एकांची नात, वय दहा-अकरा वर्षांचें. सर्वजण भिंतीच्या उंचीचें कौतुक करीत असतां तिनें मार्गदर्शकास विचारलें, “दादा, त्या आपण होऊन आल्या होत्या का?” मार्गदर्शक तरुण व सरळ मनाचा होता. तो क्षणभर थांबला व म्हणाला, “तें आम्हांला सांगितलेलें नाहीं.” आमच्या मतें त्या सबंध तासाभरांतील सर्वांत प्रामाणिक वाक्य तेंच होय. पण तें ज्यांनीं त्यास सांगावयास हवें होतें, त्यांचा अपराध त्या वाक्यानें उघडा पडला.

उत्तर देतां येण्यासारखें आहे. पण तें एका शब्दाचें नाहीं. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं संन्यासिनींच्या बंदिवासाचा नियम कडक केला. एकदां दीक्षा घेतल्यावर उंबरठा ओलांडणें नाहीं. त्या उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकण्यासहि धन लागे, कारण मठप्रवेशासमयीं मुलीबरोबर हुंडा द्यावा लागत असे. लग्नाचा हुंडा व मठाचा हुंडा यांचा हिशोब बाप मांडीत असत. गोव्याच्या नगरसभेनें पोर्तुगालच्या राजाकडे पुनःपुन्हां तक्रारी केल्या, कीं बड्या घरच्या मुली व त्यांचें वारसाधन हा मठ गिळून टाकतो. मठाचा कैवार दियोगो द सांतान या ऑगस्टिनियन धर्मगुरूनें घेतला. संन्यासिनींची संख्या शंभरांच्या वर जाऊं नये अशीहि मर्यादा होती. म्हणजे ज्या संस्थेचें वर्णन आपण ‘शांत तपोवन’ म्हणून ऐकतों, ती त्या काळच्या गोव्यांतील संपत्तीच्या व विवाहाच्या राजकारणाचें केंद्र होती. चार्ल्स बॉक्सर या इंग्रज इतिहासकारानें पोर्तुगीज साम्राज्यांतील नगरसभांवर १९६५ सालीं व तेथील स्त्रियांवर १९७५ सालीं ग्रंथ लिहून या प्रश्नांस वाट करून दिली आहे. तेव्हां हें ज्ञान गुप्त आहे असेंहि नाहीं.

मठाच्या आंतहि सर्व सारख्या नव्हत्या. काळी ओढणी घेणाऱ्या संन्यासिनींस मतदानाचा व अधिकाराचा मान. पांढऱ्या ओढणीवाल्यांकडे घरकामाचा भार. आणि त्यांच्याहि खालीं दासी. कांहीं स्त्रिया वैराग्यानें आल्या असतील, कांहीं वैधव्यानें, कांहीं बापाच्या हिशोबानें, आणि ज्या दासी होत्या त्यांना तर कोणी विचारलेंहि नसेल. हें सांगितल्यानें संन्यासाची प्रतिष्ठा कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं. उलट जी स्त्री खरोखर आपण होऊन आली, तिचें वैराग्य यामुळेंच ओळखतां येतें. सर्वांनाच स्वेच्छेनें आलेल्या म्हटलें, कीं तिचें वेगळेपण नाहींसें होतें.

आणखी एक अडचण आहे, ती अभ्यासकानें झांकूं नये. या मठाचा जो मोठा इतिहास लिस्बन येथें १६९९ सालीं छापला गेला, तो आगोस्तिन्यु द सांता मारिया या संन्याशानें लिहिलेला. तक्रार करणारे नगरसभासद पुरुष; कैवार घेणारा धर्मगुरु पुरुष; चरित्रें लिहिणाराहि पुरुष. पुण्यवती स्त्रियांचीं तीं चरित्रें आदर्श घालून देण्यासाठीं लिहिलेलीं आहेत, साक्ष नोंदविण्यासाठीं नव्हेत. म्हणून त्यांच्या जोडीला हिशोबाचे व दैनंदिन व्यवहाराचे कागद वाचावे लागतात. गोव्याचें दप्तरखानें १५९५ सालीं दियोगो द कोतो याच्या नेमणुकीपासून सुरू झालें, व मोडलेल्या मठांचे कागद त्यांत जमा आहेत. मराठ्यांच्या इतिहासासाठीं त्या दप्तरखान्याचें दार आपणांस कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं उघडून दिलें. सन १६८३ च्या मोहिमेसाठीं आपण तेथें जातों. मग त्याच शहरांतील बंद दाराआडच्या स्त्रियांसाठीं कां जाऊं नये?

निरूपणांतील सर्वांत मोठी उणीव तर पुढेंच आहे. “१८३५ सालीं मठ बंद करण्याचें ठरलें व १८८५ सालीं शेवटची संन्यासिनी वारली.” एका वाक्यांत पन्नास वर्षें संपलीं आणि मंडळी चहाकडे वळली. त्या पन्नास वर्षांचा विचार वाचकांनीं करून पाहावा. नवी मुलगी येणें नाहीं. आहे तीच पंक्ति वर्षांमागून वर्षें आंखुडत जाणें. शंभरांसाठीं बांधलेल्या घरांत शेवटीं एकीचें उरणें. सभोंवार शहरहि ओस पडत होतें. शेजारच्या सेंट ऑगस्टिनच्या चर्चचें छत १८४२ सालीं कोसळलें. गोव्यांतील एका युगाचा अंत यापेक्षां अधिक स्पष्टपणें कोठें दिसणार? तेथें पांच मिनिटें थांबण्यास बेबिंकाची कथा आड यावी, याचें वाईट वाटतें.

कोणी म्हणेल, सहलीस आलेल्या मनुष्यास प्रमाणांची उठाठेव नको असते. त्यास करमणूक हवी. हें आम्हांस मान्य नाहीं, आणि त्याचा पुरावा मठाच्या शेजारींच उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिचा १६२४ सालीं शिराज येथें वध झाला व ऑगस्टिनियन संन्याशांनीं तिच्या अस्थि गोव्यास आणल्या. त्या कोठें ठेविल्या याची लेखी नोंद होती. त्या नोंदीच्या आधारें सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्यानें उत्खनन केलें, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं सांपडलेल्या अस्थीचें आनुवंशिक परीक्षण केलें, व २०२१ सालीं भारत सरकारनें त्या अस्थींतील भाग जॉर्जियास अर्पण केला. आमच्या मार्गदर्शकानें ही हकीकत पायरी-पायरीनें सांगितली: आधीं कागद, मग कुदळ, मग प्रयोगशाळा. मंडळींतील एकहि मनुष्य तेथून हलला नाहीं. पुरावा कसा मिळाला हेंहि लोकांना गोष्टीइतकेंच आवडतें, एवढें यावरून सिद्ध होतें. राणीसाठीं जी पद्धत वापरली ती साध्या संन्यासिनीसाठीं वापरण्यास हरकत कोणती?

पद्धत तर आपल्या घरचीच आहे. म्हाइंभटानें रिद्धपूर येथें लीळाचरित्राची सामग्री जमविली तेव्हां प्रत्यक्ष पाहणारांना व ऐकणारांना गांठून तो लीळा टिपून घेत असे. त्या ग्रंथाच्या परंपरेंत पाठभेद आला कीं तो कोणाचा, हें सांगण्याची रीत आहे; त्यांत ‘हिराइसा पाठ’ हा एका स्त्रीच्या स्मरणावर आधारलेला पाठ तिच्या नांवानें मानानें नांदतो. सातशें वर्षांपूर्वींच्या मराठी लेखकांना जें जमलें, तें आजच्या मार्गदर्शकांच्या टिपणांत जमूं नये असें कांहीं कारण नाहीं. प्रत्येक वाक्यापुढें ‘दिसतें’, ‘तर्क आहे’, ‘कागद सांगतो’ किंवा ‘लोक म्हणतात’ यांपैकीं एक शब्द जोडावा. एवढ्या चार शब्दांनीं निरूपण लांबणार नाहीं. तें खरें मात्र होईल. आणि त्या तरुण मार्गदर्शकाच्या हातीं दप्तरखान्यांतील पांच-दहा कागदांचें मराठी व कोंकणी भाषांतर कोणीतरी द्यावें. हें काम आपल्यासारख्या मंडळांचें आहे; म्हणून दोषाचा एक वांटा आम्ही आपल्याकडेहि घेतों.

हें सर्व आंजीस बसून लिहिण्याचें आणखी एक कारण आहे. आमच्या गांवावरून धाम नदी वाहते, ती पुढें पवनारास जाते. तेथें नदीकांठीं विनोबाजींनीं १९५९ सालीं स्त्रियांसाठीं ब्रह्मविद्या मंदिर स्थापिलें. तेथील भगिनी आपण होऊन आल्या. शेती, स्वयंपाक, लेखन-प्रकाशन आपल्या हातांनीं करीत राहिल्या. आणि आपले निर्णय सर्वसंमतीनें घेत आल्या. सांता मोनिकेशीं त्याची तुलना सर्वांशीं होणार नाहीं. तेथें कुंपण बाहेरून घातलेलें होतें, येथें मर्यादा आपली आपण आंखलेली आहे. पण एका बाबतींत दोन्ही घरें सारखींच आहेत: आज जें प्रत्यक्ष आहे तें उद्यां ऐतिह्य होणार आहे. पवनारास आज कोणी मुलगी गेली व तिनें तोच प्रश्न विचारला, तर उत्तर देणारी स्त्री समोर बसलेली असते. सांता मोनिकेच्या बाबतींत ती वेळ १८८५ सालीं टळून गेली.

गोव्याहून परत आल्यावर आम्हीं त्या मुलीस पत्र पाठविलें व वर लिहिलेलें उत्तर तिला कळेल अशा भाषेंत कळविलें. तिचें उलट उत्तर आलें, कीं पवनारास कधीं नेणार? येत्या सुटींत नेण्याचें ठरलें आहे. सोबत एक कोरी वही घेण्यास तिला सांगितलें आहे, व प्रत्येक गोष्टीपुढें ती कोणी सांगितली त्याचें नांव लिहावें, असें बजाविलें आहे.